प्रमुख पाहुण्यांची खुर्ची

डॉक्टर मुरलीधर खांबेटे यांना कुणी नुसतं "हाऊ आर यू?" विचारलं तरी तिसऱ्या वाक्याला ते मुलीवर येत. "माय डॉटर इज इन द डिप्लोमॅटिक सर्व्हिस." बसचा ड्रायव्हर, पोस्टातली बाई, गटार तुंबलं म्हणून आलेला कौन्सिलचा माणूस, कुणाचीही त्यातून सुटका नव्हती. लीड्समधल्या त्यांच्या गल्लीत कुत्री फिरवणाऱ्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या नातवंडांची नावं एक वेळ आठवायची नाहीत, पण खांबेट्यांची सुचेता सध्या कुठल्या देशात आहे ते पाठ होतं. त्यामुळे सुचेता घरी आली की तिला बाहेर पडायची चोरी. कुंपणाआडून हाक यायचीच, "अँड हाऊ इज द अ‍ॅम्बॅसडर?" ती हसून म्हणायची, "नॉट यट." हे 'नॉट यट' म्हणता म्हणता बाई चव्वेचाळीस वर्षांची झाली.

बापाचं हे वेड उगाच नव्हतं. डॉक्टर साठच्या दशकात पुण्याहून आले ते हृदयरोगतज्ज्ञ व्हायला. इंग्लंडने त्यांना म्हाताऱ्यांच्या वॉर्डात ठेवलं. तात्पुरतं म्हणून ठेवलं आणि ते तात्पुरतं तीस वर्षं चाललं. वरची, कन्सल्टंटची जागा निघाली की डॉक्टर तपकिरी सूट घालून मुलाखतीला जात. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई सकाळी शिरा करत. आठवड्याने पत्र येई, स्पर्धा फार चुरशीची होती. जागा मिळालेला गोरा पोरगा बहुतेक वेळा खांबेट्यांच्याच हाताखाली नाडी बघायला शिकलेला असे. पाचव्या की सहाव्या मुलाखतीनंतर लीलावतीबाईंनी शिरा करणं बंद केलं. पुढे सूटही चॅरिटी शॉपला गेला. निवृत्तीच्या दिवशी साहेबाने भाषणात त्यांना 'द बॅकबोन ऑफ द डिपार्टमेंट' म्हटलं. "कणा म्हणे," डॉक्टर घरी येऊन म्हणाले आणि ताटावरून उठले.

म्हणून मग सगळी आशा मुलीवर. सुचेता जन्मली लीड्सलाच. तिची मराठी घरातली, कामापुरती. रशियन शिकली, पोलिश शिकली, त्या भाषांची व्याकरणं तिला बिनचूक येत. चुकायची ती फक्त आपलीच. चौऱ्याऐंशी साली ती परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत लागली, तेव्हा डॉक्टरांनी ब्रॅडफर्डहून बर्फी आणून अख्ख्या वॉर्डाला वाटली. डायबिटिसचे पेशंटही त्यातून सुटले नाहीत.

राजदूताची नोकरी म्हणजे रोज मेजवान्या असं आपल्या लोकांना वाटतं. सुचेताची पहिली काही वर्षं आफ्रिकेत व्हिसाच्या खिडकीमागे लोकांना नाही म्हणण्यात गेली. मग पूर्व युरोप, मग लंडनला टेबलाशी, मग पुन्हा पूर्व युरोप. सगळीकडे ती डेप्युटी. साहेबाच्या सहीने लंडनला जाणारे रिपोर्ट ती लिहायची आणि साहेबाच्या तल्लख बुद्धीचं कौतुक व्हायचं. एका मेजवानीत ती दारात पाहुण्यांच्या स्वागताला उभी होती, तर एका मंत्र्याच्या बायकोने अंगातला कोट काढून सरळ तिच्या हातात दिला. सुचेताने तो नीट हँगरला लावला, परत आली आणि आपली ओळख करून दिली. ती बाई ओशाळली की नाही कोण जाणे. सुचेता मात्र ओशाळली आणि आपण कशाला ओशाळलो म्हणून पुढे कित्येक वर्षं स्वतःवरच चिडत राहिली.

राजदूताच्या जागेसाठी तिचं नाव दरवेळी जाई आणि दरवेळी निवड बोर्डाकडून शेरा येई की मिस खांबेटे म्हणजे 'अ सेफ पेअर ऑफ हँड्स', हाती दिलेलं नीट सांभाळणारी. आपल्याकडे मुलगी बघून गेल्यावर 'मुलगी कामसू आहे हो तुमची' असा निरोप आला की समजायचं, स्थळ हातचं गेलं. तसंच हे.

"तुला डावलतात गं ते," डॉक्टर जेवताना म्हणायचे. "मला डावललं तसंच. रंग बघतात."

"बाबा, प्लीज. तुमचा टाइम वेगळा होता. आता सगळं मेरिटवर असतं. मला अजून थोडा एक्स्पिरियन्स पाहिजे, दॅट्स ऑल."

"अजून? केस पांढरे झाले तुझे."

"त्यांचा एक प्रोसेस असतो, बाबा. तुम्हाला नाही कळणार."

तिला हे खरं वाटत होतं असं मुळीच नाही. पण लेकीने ज्या घरात जन्म काढायचा त्या घराला बापाने नावं ठेवली की लेक सासरचीच बाजू घेते. सुचेताने लग्न केलं नव्हतं. तिचं सासर म्हणजे हीच नोकरी, आणि सासरची लक्तरं तिने माहेरी कधी दाखवली नाहीत.

दोन हजार सहाच्या सुरुवातीला तिला ह्यू पेनरोजने बोलावलं. नेमणुका बघणारा हा माणूस, उंच, किंचित पोक आलेला, तिच्याशी नेहमी नीट वागणारा. मध्य आशियातला एक डोंगराळ देश, नकाशात चटकन न सापडणारा, तिथे राजदूत म्हणून तिचं नाव ठरलं होतं. सुचेता खुर्चीत बसली होती ते बरं. तिने फक्त "थँक यू, ह्यू," म्हटलं आणि पायातले जोडे घट्ट असल्यासारखी बोटं आत वळवून धरली.

मग ह्यूने नियम सांगितला. तिला तो पाठ होता, पण सांगायची रीत असते. एखाद्या देशात राजदूत पाठवायचा तर आधी त्या देशाला गुपचूप नाव कळवतात आणि होकार मागतात. होकार येईपर्यंत ते नाव बाहेर कुठेही काढायचं नाही. आधीच गाजावाजा झाला तर यजमानाला वाटतं, यांनी परस्पर ठरवून टाकलंय, आपल्याला विचारतात ते दाखवायपुरतं. आणि लहान देश मानाला फार जपतात, मोठ्यांनी त्यांना आजवर गृहीतच धरलेलं असतं.

"आणि लक्षात ठेव," ह्यू म्हणाला, "नको असलं तर कुणी नाही म्हणत नाही. नुसतं उत्तर येत नाही."

त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या बायपासची तारीख आली. ज्या हृदयावर उपचार करायची त्यांना जन्मभर आस होती, त्याच हृदयापायी ते आता दुसऱ्यांच्या हाती चालले होते. सुचेता शनिवारी लीड्सला आली. डॉक्टर समोरच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. दाढी केली नव्हती. चहा गार झाल्यावर ते म्हणाले, "टेबलावरच गेलो ना, तर एवढंच वाटेल की तुझं काही बघायला मिळालं नाही."

सरकारची गुपितं सुचेताने बावीस वर्षं पोटात ठेवली होती. बापाचा तो चेहरा तिला चहाचा कप विसळून ठेवेपर्यंतही सोसला नाही.

"बाबा, मी एक सांगते. पण तो बातमी या खोलीच्या बाहेर नाही जायचा. प्रॉमिस करा आधी."

तिने सांगितलं. नियमही सांगितला, होकाराचा, अगदी दोनदा. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि सोडेनात.

"म्हणजे पसंती यायची आहे म्हण की अजून," लीलावतीबाई दारातून म्हणाल्या. "आमच्या वेळी होकार येईपर्यंत शेजारणीलासुद्धा कळू देत नसत. ऐकलंत का, अहो? कुठे बोलायचं नाही."

"देवाशपथ," डॉक्टर म्हणाले. "मला कुणाला सांगायचंय?"

लीलावतीबाईंनी त्या संध्याकाळी कित्येक वर्षांनी शिरा केला.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर घरी आले आणि महाराष्ट्र मंडळाच्या लोकांची डबे घेऊन रीघ लागली. त्यात हरीश दाबके. दक्षिण इंग्लंडात रीडिंग-ब्रॅकनेलकडे सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षं काढून लीड्सला बदलून आलेला, कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आणि मंडळात सेक्रेटरी. माणूस मनाचा मोकळा. कुणाच्या घरी मयत झालं तर भटजीपासून समोशांपर्यंत सगळं बघणारा. पण प्रमुख पाहुण्यांचं त्याला भारी वेड. स्टेजवर मधल्या खुर्चीत कुणीतरी मोठं माणूस बसल्याशिवाय कार्यक्रम झाला असं त्याला वाटतच नसे.

पाडव्याच्या कार्यक्रमाला डॉक्टरांनी फार हट्ट धरला म्हणून सुचेता लंडनहून आली आणि त्यांना गाडीतून घेऊन गेली. शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, दारात रांगोळी, आत श्रीखंडाचा वास. ती बापाचा हात धरून आत शिरली आणि समोरचा बॅनर वाचून जागच्या जागी थिजली. मराठी वाचायला तिला वेळ लागे, पण खाली हरीशने सोयीसाठी इंग्रजीतही छापलं होतं. आपल्या लीड्सच्या कन्या, नियोजित राजदूत सुचेता खांबेटे यांचा जाहीर सत्कार. देशाच्या नावासकट.

स्टेजवर तीन खुर्च्या होत्या. मधली रिकामी, तिच्यावर मखमली कापड.

"हरीश," तिने त्याला बाजूला घेतलं. "हे काय आहे? हू टोल्ड यू?"

"अहो ताई, सरप्राइज! काकांनी सांगितलं. म्हणजे मला म्हणून सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही." समोर दीडशे माणसं बसली होती. "डोन्ट वरी, सगळी आपलीच माणसं आहेत."

"आणि ती खुर्ची कुणाची?"

"ती ना, प्रमुख पाहुण्यांची. म्हटलं तुम्ही ज्या देशात जाणार त्यांचा लंडनमधला अ‍ॅम्बॅसडरच बोलवावा. काकांचीच आयडिया, म्हणाले, आधी इथे ओळख होऊ दे, बरं दिसतं. मी त्यांच्या एम्बसीला फोन केला. ती बाई म्हणे, कोण राजदूत? म्हटलं, मॅडम, तुमच्याकडे जाणार आहेत त्या. नाव स्पेल करून सांगितलं. मग परत फोन केला, व्हेज की नॉन-व्हेज विचारायला. नंतर काही कळवलंच नाही हो त्यांनी. मॅनर्स नाहीत बघा लोकांना."

मुलाकडच्यांचा होकार यायच्या आत व्याह्यांना जेवायला बोलावलं होतं. आपल्याच लोकांना सुचावं असं हे आदरातिथ्य. सुचेताला बापाचा राग आला, इतका की त्यांच्या छातीवर नवे टाके आहेत हेही क्षणभर तिच्या खिजगणतीत नव्हतं. वळून बघितलं तर डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते, कोट अंगावर ढगळ झालेला, आणि लहान मुलासारखे तिच्याकडे बघून हसत होते. शेजारच्याला सांगत होते, "माय डॉटर."

पळून जाता आलं असतं. ती स्टेजवर गेली. शाल घेतली, श्रीफळ घेतलं, रिकाम्या खुर्चीशेजारी बसून फोटो काढून घेतले. आभाराचं भाषण केलं, त्यात देशाचं नाव येऊ दिलं नाही. लोकांना वाटलं, किती विनयशील मुलगी.

सोमवारी सकाळी तिने स्वतःहून ह्यूला सगळं सांगितलं. वडिलांना आपणच सांगितलं हेही. ह्यूने टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. "तू सांगितलंस हे चांगलं केलंस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग वाट बघणं. एप्रिल गेला, मे गेला. त्या देशाकडून काही नाही. एका समारंभात त्यांच्या एम्बसीतल्या एकाने ह्यूला हसत विचारलं म्हणे, लीड्समध्ये सध्या राजदूत नेमतात का? तेवढंच. जूनमध्ये ह्यूने तिला पुन्हा बोलावलं आणि या खेपेस दार स्वतः लावलं.

"तुझं नाव मागे घेतलं असं कुठे लिहिलं जाणार नाही," तो म्हणाला. "कारण ते दिलं होतं असंही कुठे लिहिलेलं नाही."

जागा सायमनला मिळाली. त्याला रिपोर्ट कसा लिहायचा ते सुचेतानेच शिकवलं होतं. खांबेट्यांच्या घरात ही गोष्ट नवी नव्हती.

आता बापाला सांगणं आलं. लीड्सला गाडीतून जाताना तिने वाक्यं जुळवली. तिकडची राजकीय परिस्थिती बदलली, निर्णय लांबला, असलं काहीतरी. डॉक्टर ऐकत राहिले. मग त्यांचा हात नकळत छातीकडे गेला आणि आवाज एकदम बारीक झाला.

"हरीशच्या त्या फोनमुळे तर नाही ना, सुचेता?"

तिच्या तोंडाशी आलं होतं. हो, बाबा. तुमच्यामुळे. तुम्हाला एक गोष्ट, फक्त एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही. हे म्हणायचा हक्क तिला होता आणि म्हणावंसंही वाटत होतं. पण समोर बसलेला म्हातारा खुर्चीचा हात घट्ट धरून होता.

"नाही, बाबा. त्याचा काही संबंध नाही."

डॉक्टरांनी श्वास सोडला. रंग परत आला. आणि लगेच डोळ्यांत ती जुनी ठिणगी. "मग गोऱ्यांनीच केलं. मी सांगत नव्हतो? शेवटच्या क्षणाला रंग बघितला."

शंका त्यांच्या मनातून पुरती गेली असेल असं नाही. पण तीस वर्षांचा राग तयारच होता, त्या शंकेवर पांघरूण घालायला. आणि सुचेता गप्प बसली. बावीस वर्षं त्या लोकांनी तिला डावललं तेव्हा ती घरात त्यांची वकिली करत होती. आता पहिल्यांदाच दोष त्यांचा नव्हता, तर तिला तो त्यांच्या पदरी पडू द्यावा लागला. एका अर्थी फिटंफाट झाली, पण तिला त्यात कसलंही समाधान मिळालं नाही.

डॉक्टर गप्प बसणारे नव्हते. रागाने त्यांना ऑपरेशनपेक्षा चांगला गुण आला. ते रोज फोन फिरवू लागले. हरीशने लीड्स, रीडिंग, ब्रॅकनेल, सगळीकडच्या मंडळींच्या सह्या गोळा करायला घेतल्या. अर्जाचा मजकूर असा, की आपल्या मुलीवर वर्णद्वेषातून अन्याय झाला आहे, खासदाराने संसदेत जाब विचारावा. खासदाराच्या ऑफिसने वेळही दिली.

सुचेताने ह्यूला विचारलं, असं झालं तर काय होईल?

"खासदार मंत्र्यांना विचारील, मंत्री मला," ह्यू म्हणाला. "आणि मला घडलं ते सांगावं लागेल. एम्बसीला फोन कुणी केला, कुणाच्या सांगण्यावरून केला. मी खोटं नाही सांगू शकत, सुचेता. खासदार ते तुझ्या वडिलांना भेटून सांगेल. बहुधा फार सौम्य शब्दांत."

त्या शनिवारी ती घरी पोचली तेव्हा समोरच्या खोलीत हरीश सह्यांचे कागद लावत बसला होता आणि डॉक्टर खासदारापुढे काय बोलायचं त्याची तालीम करत होते. अंगात नवा सूट. तपकिरी.

"थांबवा हे," सुचेता म्हणाली.

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "माझ्या वेळी मी तोंड मिटून बसलो. तुझ्या वेळी नाही बसणार."

"बाबा, कुणी अन्याय नाही केला. त्यांनी मला पोस्ट दिली होती." ती उभीच होती, कोटही काढला नव्हता. "मीच नको म्हटलं."

हरीशच्या हातातला कागद तसाच राहिला.

"म्हणजे?"

"मला भीती वाटली. तिकडे एकटी, तो थंडी, सगळी रिस्पॉन्सिबिलिटी. मला नाही जमणार असं वाटलं. तुम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून खोटं बोलले."

तिने परदेशांत अनेक बैठकांत अनेक गोष्टी गोड करून सांगितल्या होत्या, त्यातली एकही इतकी बेमालूम उतरली नव्हती. डॉक्टरांनी चष्मा काढला. बराच वेळ त्यांनी तो पुसला. हरीश कागद गोळा करून, "काका, मी नंतर येतो," म्हणत सटकला.

"मला एकदा," डॉक्टर म्हणाले, "तीस वर्षांत एकदा जरी कुणी ती खुर्ची दिली असती ना, मी रांगत गेलो असतो. रांगत. आणि तुला चालून आली तर तू भ्यालीस?"

"हो, बाबा."

"माझ्या पोटी असली भित्री कशी निपजली?"

ते उठले आणि वर गेले. जिन्यात दोनदा थांबले. तिने पुढे होऊन हात दिला नाही, कारण तो त्यांनी घेतला नसता.

ती स्वयंपाकघरात गेली. लीलावतीबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"हरीशने तो फोन आपल्याच घरातून केला होता," त्या वळून न बघता म्हणाल्या. "मी इथेच होते. तेव्हाच मला कळलं, हे काही बरं नाही झालं."

सुचेताला आधी समजलंच नाही. "आई, तुला माहीत होता? मग तू थांबवला का नाहीस?"

"ते हसत होते गं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. तपकिरी सूट घ्यायचा म्हणत होते. माझी जीभ रेटली नाही."

"आणि मी?"

लीलावतीबाईंनी पदराला हात पुसले. "त्यांना खरं कळलं तर ते महिनाभर जगायचे नाहीत. तू तरणी आहेस, खंबीर आहेस. तू सोसशील."

म्हणजे आईनेही हिशेब केला होता आणि बोर्डासारखाच शेरा दिला होता. ही सोसेल. सेफ पेअर ऑफ हँड्स. सुचेताला ओरडावंसं वाटलं, त्या ओट्यावरची भांडी उचलून आपटावीशी वाटली. तिने गाडीची किल्ली उचलली आणि लंडनला निघून गेली. वाटेत एका सर्व्हिस स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवून ती रडली, मोठ्याने, काचा बंद करून.

पुढची वर्षं तिने लंडनलाच काढली, नव्या भरतीच्या पोरापोरींना शिकवण्यात. मेजवानीत कोणाला कोणाशेजारी बसवायचं, नाही कसं म्हणायचं, होकार म्हणजे काय. होकार येईपर्यंत आईवडिलांनासुद्धा सांगायचं नाही, असं ती म्हणाली की सगळी पोरं हसत. तीही हसू देत असे.

गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी काही दिवस विचारलं, "हाऊ इज द अ‍ॅम्बॅसडर?" डॉक्टर हवामानावर बोलत. पुढे कुणी विचारेनासं झालं. मंडळात बातमी फिरली होतीच, मुलगी ऐन वेळी कच खाऊन बसली. हरीश आता तिला भेटला की तब्येतीचं विचारायचा, तेही आडून. दर महिन्याला ती लीड्सला जायची. बाप तिच्याशी बोलायचा, नाही असं नाही. गाडीला किती वेळ लागला, पाऊस होता का, जेवलीस का. पाहुण्यांशी बोलतात तसं.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात डॉक्टरांना न्यूमोनिया झाला आणि ते ज्या वॉर्डात जन्मभर राबले त्याच वॉर्डात खाटेवर आले. कर्मचारी सगळे बदललेले, त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. सुचेता रजा घेऊन आली आणि दिवसभर खुर्ची ओढून शेजारी बसू लागली. तिने एकदा ठरवलं, आता सांगून टाकू. आता काय राहिलंय? पण ते झोपले की त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाची भाबडी कळा यायची, त्या हॉलमधल्या पहिल्या रांगेतली, आणि तिचा धीर सुटायचा. ती भित्री आहे हे तेवढ्यापुरतं खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण नर्स त्यांची सलाईनची नळी बदलायला आली. बोलकी मुलगी होती. "इज दिस युअर डॉटर, डॉक्टर? हाऊ लव्हली. व्हॉट डज शी डू?"

सुचेताने मान वर केली. बसच्या ड्रायव्हरपासून गटारवाल्यापर्यंत साऱ्या शहराला ऐकवलेलं ते एक वाक्य. एवढ्या वर्षांत तिला त्याचा वीट आला होता आणि आता तिला ते ऐकायचं होतं. एकदाच. खोटं असलं तरी चाललं असतं.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग नजर छताला लावली.

"शी वर्क्स इन अ‍ॅन ऑफिस," ते म्हणाले. "समव्हेअर इन लंडन."

"ओह, नाइस," नर्स म्हणाली.

सुचेता हसली. परक्या देशांत, परक्या लोकांपुढे, हातात दुसऱ्याचा कोट आला तरी टिकतं तसलं ते हसू. नर्स गेल्यावर तिने त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"पाणी देऊ का, बाबा?"

"नको," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या आईला बोलाव."